पन्नाशीत इंटरव्हल ट्रेनिंग करताय? या चुका टाळा

इंटरव्हल ट्रेनिंग म्हणजे थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू, असे आलटूनपालटून राउंड. टेकडीवर रोज बघतो, पंचेचाळीस-पन्नाशीतली माणसं जीव तोडून पळतायत, नजर सारखी मनगटावरच्या घड्याळावर, आणि दोन महिन्यांत गुडघा धरून घरी बसतात. मेहनत खरी असते, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे 220 वजा वय हा कमाल हार्ट रेटचा, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा आकडा दगडावरची रेघ समजणं. अहो, ती सरासरी आहे, तुमचा कमाल हार्ट रेट त्यापेक्षा दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी नॉर्मल. 2001 साली आलेला तनाका या संशोधकांचा फॉर्म्युला म्हणजे 208 वजा वयाच्या 0.7 पट, साठीत जुन्या हिशोबाने 160 येतात आणि याने 166, पण शेवटी तोही अंदाजच. त्यामुळे बोलून बघा. जोराच्या राउंडला दोन-तीन शब्दांवर बोलता येत नसेल तर जोर बरोबर लागतोय, आणि हलक्या दिवशी शेजारच्याशी आरामात गप्पा मारता यायला हव्यात. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात, तेव्हा फॉर्म्युला बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे, रोज मधल्याच वेगाने दमणं. हलका दिवस हलका नसतो, मग जोराच्या दिवशी पायात जोरच उरत नाही. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांमुळे गाजलेली 4 बाय 4 पद्धत बघा: दहा मिनिटं वॉर्मअप, मग 4 मिनिटं कमाल ठोक्यांच्या 85 ते 95 टक्के, मग 3 मिनिटं हळू चालणं, असं चारदा. कमाल 170 असेल तर जोरात साधारण 145 ते 160 आणि मधे 120 च्या खाली. ही मधली तीन मिनिटं लोक खातात, किंवा एकदम थांबून वाकून उभे राहतात आणि चक्कर येते. चालत राहा. आणि हे आठवड्यातून दोनदा पुरे, पळायलाच हवं असंही नाही, चढावर झपझप चाललात तरी ठोके वर जातात आणि गुडघे वाचतात.

ठोके चढायला मिनिट-दीड मिनिट लागतं, त्यामुळे तीस सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये आकडा दिसेना म्हणून अजून जोर लावू नका. मनगटावरचं घड्याळ सैल असेल तर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं, पट्टा घट्ट करा, जमलं तर छातीचा पट्टा घ्या.

बरीच वर्षं व्यायाम नसेल, शुगर-बीपी असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर आधी तपासणी. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घाम असं काही झालं तर ॲसिडिटी असेल म्हणून राउंड पूर्ण करत बसू नका, तिथेच बसा, सोबतच्याला सांगा आणि 108 ला फोन लावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.