लायपेजच्या अहवालावर सही होण्यापूर्वी

अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडात तयार होणाऱ्या पाचक विकरांची जोडी डीएमएलटीला (प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला) पाठ झालेली असते, म्हणून येथे ती पुन्हा शिकवत नाही. एवढे मात्र लक्षात असू द्या की, या चाचण्या स्वादुपिंडाच्या पेशींना इजा होऊन विकरे रक्तात किती सांडली हे सांगतात. जुनाट आजारात ग्रंथी बरीचशी निकामी झालेली असतानाही दोन्ही आकडे सामान्य येऊ शकतात. शरीर इन्सुलिन किती तयार करते, हे पाहण्यासाठी इन्सुलिनसोबत तयार होणारे सी-पेप्टाइडच मागवावे लागते. माझ्या दोन्ही मुलाखतींत हाच फरक विचारला होता आणि पहिल्या मुलाखतीत मी तो चुकवला होता.

नोकरीच्या चौथ्या महिन्यात तपासणीच्या एका पॅकेजमधील सॅम्पलमध्ये अमायलेज सामान्य, पण लायपेज मर्यादेच्या अडीचपट आले. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरते आणि लायपेज आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ चढलेले राहते, हे पुस्तकी ज्ञान मला नेमके त्याच वेळी आठवले आणि मी स्वतःचे समाधान करून घेतले. वरिष्ठांना विचारले, तर त्यांनी "कंट्रोल बरोबर आले ना? मग सोडून दे" असे सांगितले. कंट्रोल म्हणजे मशीन तपासण्यासाठी लावलेला, आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना. अहवाल गेला. पोटात कधीही न दुखलेल्या त्या रुग्णाला सोनोग्राफी करावी लागली, तीत काहीच आढळले नाही, आणि डॉक्टरांचा फोन आला. तेच सीरम एकट्या लायपेजसाठी पुन्हा लावले, तेव्हा आकडा सामान्य आला.

दोष मशीनवरील चाचण्यांच्या क्रमात होता. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) मोजण्याआधी त्याचे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले असे विघटन करावे लागते आणि त्यासाठी त्या चाचणीच्या रिएजंटमध्येच (रसायनातच) लायपेज घातलेले असते. तोच प्रोब (द्रव उचलणारी सुई) किंवा तेच क्युव्हेट (प्रक्रिया होते ते छोटे भांडे) पुढच्या लायपेज चाचणीला वापरले गेले, की नेहमीच्या धुलाईनंतर उरलेला सूक्ष्म अंशही निकाल फुगवतो. आमचे कंट्रोल सकाळी, लिपिड प्रोफाइल (ट्रायग्लिसराइड ज्यात येते तो चाचण्यांचा संच) सुरू होण्यापूर्वी लागत असल्यामुळे ते रोज निर्दोष येत होते. म्हणजे ज्या पुराव्यावर आम्ही विसंबलो होतो, त्या पुराव्यात ही चूक दिसणे शक्यच नव्हते. तुमच्या मशीनवर एकच सीरम आधी एकट्या लायपेजसाठी आणि नंतर ट्रायग्लिसराइडच्या लगेच पाठोपाठ लावून पाहा. फरक आला, तर किट इन्सर्टमध्ये (किटसोबतच्या माहितीपत्रकात) सांगितलेली जादा धुलाई प्रोग्राम करून घ्या. ती जमत नसेल, तर लायपेज आधी, वेगळ्या बॅचमध्ये उरका. किट इन्सर्ट न वाचता मोबाइलवर फिरणाऱ्या तयार नोट्सवर काम करणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. मीही त्यांच्यापैकीच होतो.

बाकीचे सापळे लहान आहेत. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे अमायलेज खोटे कमी येते. लाळेत अमायलेज भरपूर असते, म्हणून उघड्या नळीवर तोंड करून बोलू नका.

त्या प्रकरणात माझी नोकरी गेली नाही आणि तुमचीही बहुधा जाणार नाही. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी रागावण्याऐवजी त्या आठवड्यातील लायपेजचे सर्व जुने निकाल माझ्यापुढे ठेवले आणि त्यांतील कोणते ट्रायग्लिसराइडनंतर लागले होते, ते शोधायला बसवले. माझ्या मते शिकवणे ते हेच. त्या रात्री साडेअकरापर्यंत मला असे आणखी 3 अहवाल सापडले.