अचूक रायफलीसाठी गोळी आणि पावडर कशी निवडावी

स्वतः काडतुसे भरायला शिकणारे बहुतेक जण पहिला प्रश्न पावडरचा विचारतात: सगळ्यात चांगली कुठली? पण निवड उलट्या दिशेने करायची असते. आधी आपल्या नळीचा पीळ, मग त्या पिळाला पेलेल अशी गोळी, आणि शेवटी त्या गोळीला साजेशी पावडर. हा क्रम सांभाळला की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. इथे गोळी म्हणजे काडतुसाच्या टोकाला बसवलेला, नळीतून उडून जाणारा भाग. पुंगळी (पावडर भरायचे नळकांडे) आणि प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) हे उरलेले दोन घटक.

त्याआधी कायदा पाहा. काडतुसे भरण्याला, पावडर आणि प्रायमर बाळगण्याला प्रत्येक देशात वेगळे नियम आहेत आणि कित्येक ठिकाणी स्वतंत्र परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत सामान घेऊ नका.

नळीचा पीळ मोजा

पीळ म्हणजे किती इंच पुढे जाताना गोळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. 1:10 म्हणजे दहा इंचांत एक फेरा. तो बहुधा नळीवर कोरलेला असतो. नसेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा आणि ज्याची मूठ मोकळी फिरते अशा सफाईच्या गजाला घट्ट बसणारी चिंधी लावून तो नळीत सरकवा. गजावर उभी रेघ मारा. आता गज हळूहळू ओढा. रेघ एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत गज किती इंच सरकला, तो तुमचा पीळ. दोन-तीनदा मोजा, कारण चिंधी घसरली तर आकडा चुकतो.

गोळी हवेत सरळ राहते ती भोवऱ्यासारखी फिरते म्हणून. आणि किती वेगाने फिरावे लागेल हे वजनापेक्षा लांबीवर जास्त ठरते. ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये दिलेले सूत्र आजही ढोबळ अंदाजाला उपयोगी पडते: व्यासाचा वर्ग करा, 150 ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा (सगळे इंचांत). व्यास 0.308 आणि लांबी 1.24 असेल तर उत्तर साधारण 11.5 येते, म्हणजे 1:11.5 किंवा त्याहून घट्ट (लहान आकड्याचा) पीळ हवा. सूत्र जुन्या धाटणीच्या गोळ्यांसाठी होते, म्हणून उत्पादकाने लिहिलेला किमान पीळ हाच अखेरचा शब्द मानावा. .223 या काडतुसात हे चटकन दिसते. 1:12 पिळाच्या नळीत 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडरच्या वजनाचे एकक) गोळी छान चालते, पण 77 ग्रेनची लांब गोळी साधारण 1:8 पीळ मागते. पीळ अपुरा असेल तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवे भोक पडते. ते दिसले की ती गोळी त्या नळीसाठी बाद, पावडर बदलून काही होणार नाही.

तांब्याच्या एकसंध गोळ्यांबाबत विशेष जपा. त्या त्याच वजनाच्या शिसेगर्भ गोळीपेक्षा लांब असतात, पुंगळीत जास्त खोल बसतात आणि दाब वाढवतात. शिसेगर्भ गोळीचे आकडे त्यांना कधीही लावू नयेत.

गोळीचा आकार

लक्ष्यवेधासाठीच्या मॅच गोळ्यांच्या टोकाला बारीक भोक असते. ते शिकारीसाठी नसते. गोळीचे तांब्याचे कवच बुडाकडून टोकाकडे ओढत घडवतात, म्हणून टोक उघडे राहते आणि त्या बदल्यात बूड अगदी एकसारखे येते. अचूकतेत बुडाचे महत्त्व टोकापेक्षा मोठे आहे, कारण नळीच्या तोंडातून शेवटी सुटते ते बूड. याच कारणाने 100 आणि 200 यार्डांवरचे बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून मारणारे) नेमबाज सपाट बुडाच्या गोळ्या पसंत करतात. निमुळत्या बुडाचा फायदा लांबच्या अंतरावर, हवेचा रोध कमी करण्यात आहे. मॅच गोळी शिकारीसाठी वापरू नये. ती जनावराच्या अंगात खात्रीने पसरत नाही.

डब्यावरचा बॅलिस्टिक कोएफिशियंट (गोळी हवेचा रोध किती चांगला कापते त्याचा आकडा) वाचताना तो जी1 मापातला आहे की जी7 ते पाहा. त्याच गोळीचा जी7 आकडा लहान असतो, त्यामुळे दोन वेगळ्या मापांची तुलना फसवी ठरते. आणि नुसत्या मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. फार निमुळत्या, सीकंट टोकाच्या (टोकाची वक्ररेषा अंगाला कोन करून मिळते अशा) गोळ्या रायफलिंगपासूनच्या, म्हणजे नळीतल्या पीळदार खोबणींपासूनच्या, अंतराबाबत हट्टी असतात, टँजंट टोकाच्या (वक्ररेषा अंगात अलगद मिसळते अशा) त्या मानाने समजूतदार. नवशिक्याने टँजंट टोकाची, मधल्या वजनाची गोळी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पावडर

पुंगळी नळीच्या मानाने मोठी आणि गोळी जड असेल तर सावकाश जळणारी पावडर लागते, उलट असेल तर वेगाने जळणारी. .308 या काडतुसात 168 ते 175 ग्रेनच्या गोळीसाठी व्हार्गेट आणि आयएमआर 4064, 6.5 क्रीडमूर या काडतुसात 140 ग्रेनच्या आसपास एच4350, ही रुळलेली नावे आहेत. ज्वलनवेगाचा तक्ता फक्त क्रम दाखवतो. त्यावरून पावडरचे वजन काढणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

नावांच्या साम्याने तर घात होतो. एच4350, आयएमआर 4350 आणि ॲक्युरेट 4350 या तीन वेगळ्या पावडरी आहेत. एकीचे वजन दुसरीला चालत नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि भरताना दर वेळी लेबल मोठ्याने वाचा.

सुयोग्य पावडर पुंगळी बरीचशी भरून टाकते. नव्वद टक्क्यांच्या वर भरली तर चांगले, कारण मग पावडर इकडेतिकडे सरकत नाही आणि चुकून दोनदा भरली तर बाहेर सांडून लगेच दिसते. गोल दाण्यांची बॉल पावडर मापातून सुरेख पडते. लांब काड्यांच्या पावडरी अडखळतात, त्या वजन करूनच भराव्या. तरीही अचूक कामासाठी मी काड्यांच्याच सुचवेन, आणि त्यातही तापमानाने कमी बदलणाऱ्या. हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका याचसाठी बनवलेली आहे. थंडीत जेमतेम दाबाच्या कमाल मर्यादेत बसणारे काडतूस कडक उन्हात तापले की ती ओलांडू शकते.

वजन ठरवताना

पावडरचे वजन मी इथे मुद्दामच दिलेले नाही. ते पावडर किंवा गोळीच्या उत्पादकाच्या चालू मॅन्युअलमधून घ्या, शक्यतो दोन ठिकाणचे ताडून. गोळी, प्रायमर आणि काडतुसाची एकूण लांबी तिथल्यासारखीच ठेवा. सुरुवात तिथल्या किमान वजनापासून, मग थोडेथोडे वर. .308 एवढ्या पुंगळीत 0.3 ग्रेनची पायरी सोयीची पडते. 1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, यावरून तराजू किती नेमका हवा ते कळेल.

बोल्ट जड उचलला गेला, पुंगळीच्या बुडावर चमकदार ठसा उठला किंवा प्रायमर सपाट झाला, तर तिथेच थांबा आणि उरलेली काडतुसे मोडून काढा. ही लक्षणे उशिरा दिसतात. .308 ची सामीने (अमेरिकेतली शस्त्र-काडतूस मानके ठरवणारी संस्था) दिलेली दाबमर्यादा 62,000 पीएसआय आहे आणि ती ओलांडूनही प्रायमर साधासुधा दिसू शकतो. म्हणून क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) ठेवा. मॅन्युअलमधला कमाल वेग तिथल्या कमाल वजनाच्या आधीच गाठला, तर दाबही तिथे पोचला असे समजा.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून (कागदावरच्या भोकांच्या पुंजक्यावरून) निकाल देऊ नका, योगायोगानेही तीन भोके एकमेकांत पडतात. किमान दहा झाडा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बहुतेकदा सर्वात लहान ग्रुप सर्वात वेगवान काडतुसाचा नसतो. तेव्हा वेग सोडून ग्रुप धरा.

पावडर मूळ डब्यात, थंड, कोरड्या जागी ठेवा. आंबट, झोंबणारा वास किंवा लालसर तपकिरी धूळ दिसली तर ती खराब झाली आहे, वापरू नका. भरलेल्या प्रत्येक डब्यावर गोळी, पावडर, वजन, प्रायमर आणि पावडरचा लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक लिहा. नवा लॉट उघडला की जुने ठरलेले वजन तसेच चालवू नका. खाली उतरा आणि पुन्हा पायरीपायरीने वर या.