फ्लॅटचा आजचा भाव काढताय? या चुका टाळा

सोसायटीत एखादा फ्लॅट विकला गेला की त्याचा आकडा दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होतो. क्षेत्रफळ किती, पार्किंग किती, व्यवहार कधीचा, हे मात्र कुणी सांगत नाही. पुणे-मुंबईकडच्या रीसेल फ्लॅटचा अंदाज बहुतेक वेळा याच तीन गोष्टींत फसतो.

सुपर बिल्टअपचा दर कार्पेटला लावणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जाहिरातीत ९५० चौरस फूट, दर १०,००० रुपये, किंमत ९५ लाख. या ९५० मध्ये जिना, लॉबी, लिफ्टचा वाटा धरलेला असतो. त्याच फ्लॅटचं रेरा या स्थावर संपदा कायद्यानुसार चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट, ६२ चौरस मीटर असेल, तर १०.७६४ ने गुणून ६६७ चौरस फूट होतात आणि दर पडतो १४,२४३ रुपये. कुणी १०,००० चा दर उचलून आपल्या ६४० फूट कार्पेटला लावला की ६४ लाख येतात. १४,२४३ ने ९१ लाख. तफावत २७ लाखांची, तीही फक्त क्षेत्रफळ कुठलं धरलं यामुळे.

म्हणून प्रत्येक व्यवहार आधी रेरा कार्पेटवर आणा. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. २०१७ च्या आधीच्या करारनाम्यांत ‘कार्पेट’ किंवा ‘बिल्टअप’ (बाहेरच्या भिंतींसह क्षेत्र) कसंही लिहिलेलं सापडतं, काही ठिकाणी बाल्कनीही आत घातलेली असते. अशा वेळी सरळ टेप घेऊन खोल्या मोजा. बाल्कनीचं माप वेगळं लिहा, त्यात मिसळू नका.

जाहिरातींवरून भाव ठरवणे

जाहिरातीतली किंमत म्हणजे मालकाची अपेक्षा. एकच फ्लॅट चार एजंट चार किमतींना टाकतात, विकला गेल्यावरही जाहिरात महिनोन्‌महिने तशीच राहते. अशा तीस जाहिरातींपेक्षा नोंदणी झालेले तीन व्यवहार जास्त सांगतात.

ते मिळतात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर, सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात. इथे सोसायटीचं नाव टाकून उपयोग नाही. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि सर्वे, गट किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक लागतो; तो तुमच्याच करारनाम्यात असतो. मिळकतीचा नंबर कुणी ४५/१ लिहितं, कुणी नुसता ४५, म्हणून दोन्ही तऱ्हेने शोधा.

निकालात सगळं एकत्र येतं. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, चूक दुरुस्तीपत्र, लिव्ह अँड लायसन्स आधी गाळा. करारनामा आणि नंतरचं खरेदीखत असे एकाच व्यवहाराचे दोन दस्त असतील तर एकच मोजा. मग ‘मोबदला’, म्हणजे दस्तात लिहिलेली व्यवहाराची किंमत, हा रकाना वाचा. शेजारच्या ‘बाजारभाव’ रकान्यात रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकावरून काढलेली किंमत असते, आणि घाईत लोक नेमकी तीच उचलतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसले तर तो दस्त बाजूला ठेवा. असा मोबदला बहुधा मुद्रांक शुल्काचा हिशेब बघून दाखवलेला असतो. दोन्ही पक्षकारांचं आडनाव एकच असेल तरीही जपून, घरातल्या घरात दिलेला भाव बाजाराचा नसतो.

रेडी रेकनर म्हणजेच किंमत असं मानणे

हे दर मुद्रांक शुल्कासाठी असतात आणि एका मूल्यविभागाला एकच दर लागतो, मग फ्लॅट हमरस्त्यावर असो की नाल्याकडेला. शिवाय हे दर चौरस मीटर बिल्टअपचे असतात, तेव्हा थेट कार्पेटला लावू नका. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये राज्यात हे दर वाढवलेच नव्हते. बाजार थोडाच थांबला होता! तरी हा आकडा काढून ठेवावा. हा आकडा ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांच्या वर गेला, तर आयकरात विकणाऱ्याला भांडवली नफ्यावर आणि घेणाऱ्याला फरकाच्या रकमेवर झळ बसू शकते.

अधिक-उणे उलटं करणे

फेरफार नेहमी विकल्या गेलेल्या फ्लॅटच्या किमतीत करायचा. तो तुमच्यापेक्षा सरस असेल तर वजा, कमी असेल तर अधिक. समजा त्याच इमारतीतला ६६७ फुटी फ्लॅट दहा महिन्यांपूर्वी ९२ लाखांना गेला. त्याला दोन पार्किंग, तुम्हाला एक: तिथल्या चालू भावाने ३ लाख वजा. फर्निचरचे २ लाख वजा. उरले ८७ लाख, म्हणजे फुटाला १३,०४३. दहा महिन्यांत भाव ४ टक्के वाढला असं धरलं तर १३,५६५. गुणिले ६४०, झाले ८६ लाख ८२ हजार. असे तीन फ्लॅट काढले की सगळ्यात कमी ते सगळ्यात जास्त असा एक पट्टा मिळतो. सरासरीपेक्षा तो पट्टाच ग्राहकापुढे बोलायला कामाचा. फर्निचरचा करार वेगळा केला असेल तर ते मोबदल्यात आलेलंच नसतं, तेव्हा दुसऱ्यांदा वजा करू नका.

ही ४ टक्के वाढ मनाने धरू नये. राष्ट्रीय आवास बँकेचा रेसिडेक्स हा घरांच्या किमतींचा निर्देशांक शहरवार, तिमाहीवार निघतो. त्यात बँकांच्या मूल्यांकनावर आधारलेला निर्देशांक घ्या. दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांचा असतो. नव्या प्रकल्पाचा दर जुन्या इमारतीला लावणं हीदेखील तीच चूक. तिथे जीएसटी वेगळा असतो आणि भाव बुकिंगच्या वेळचा असतो.

आकडे जुळत नसतील तर

तिन्ही व्यवहारांत १० टक्क्यांहून जास्त अंतर पडलं तर आधी क्षेत्रफळ पुन्हा तपासा, मग पार्किंग. तरीही एकच फ्लॅट फार खाली राहिला तर कागद बघा: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येण्याचा दाखला) नसेल तर कर्ज मिळायला अडचण येते, ग्राहक कमी होतात. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या घरांना हस्तांतरण शुल्क आहे, ते कोण भरणार यावर किंमत हलते.

जुन्या इमारतीत एखादा फ्लॅट अचानक फार वर दिसला तर पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का ते विचारा. तिथे लोक मिळणाऱ्या नव्या क्षेत्रफळाचे पैसे मोजत असतात, वयाप्रमाणे घसारा काढून काही हाती लागत नाही.

इमारतीत वर्षभरात विक्रीच झाली नसेल तर शेजारची, त्याच वयाची आणि लिफ्टच्या बाबतीत सारखी इमारत घ्या. आणि ग्राहकाच्या बँकेचं मूल्यांकन तुमच्या आकड्याखाली आलं, तर मंजूर नकाशा काढून बसा. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी किंवा गच्चीवरची शेड तुम्ही मोजली असेल, मूल्यांकनकार नकाशावर नसलेलं सहसा धरत नाही.