हर्णैला जाताय? मग या चुका टाळा

मासळीचा लिलाव बघायचा म्हणून भर दुपारी बारा-एकला दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर पोचायचं आणि मग काहीच नव्हतं तिथे म्हणून वैतागायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. अहो, बघण्यासारखा लिलाव संध्याकाळचा, साधारण चारच्या पुढे होड्या लागायला सुरुवात होते. तोवर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करा नाहीतर मुरूड-कर्द्याला जाऊन या.

आणि महिना बघा हो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिसतील आणि हॉटेलात "ताजी सुरमई" म्हणून जे येईल ते बहुतेक बर्फातलं. तेव्हा गेलातच तर खाडीचं काय मिळतंय ते विचारा. होळीलाही बरेचसे खलाशी घरी असतात, सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

लिलावात मध्येच घुसून "ही दोन पापलेटं कितीला" विचारू नका, तिथे टोपल्याच्या टोपल्या व्यापारी उचलतात आणि बोली डोळ्यासमोर कधी संपते कळतपण नाही. आपल्याला लागते तेवढी मासळी बाजूला बसलेल्या मावश्यांकडे वाट्यावर मिळते. घासाघीस करा पण अर्ध्यावर मागू नका, बोलणी खाल. थर्माकोलचा बॉक्स आणि कॅश जवळ असू द्या. बूट मात्र नको, सगळीकडे चिखल आणि माशाचं पाणी.

आता समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला. इथे लोक फसतात ते भरती-ओहोटीमुळे. सोप्पा हिशोब आहे, मराठी तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची अंदाजे वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, आणि ओहोटी त्याच्या सहा तास पुढे-मागे. पण शेवटचा शब्द होडीवाल्याचा, तो नाही म्हणाला तर जास्त पैसे देऊन त्याला तयार करू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या. किल्ल्यावर बहुतेक वेळा पाण्यातच उतरावं लागतं, आत दुकान-बिकान काही नाही, पाणी आपलं न्या. दरवाजाशी पायरीवरचं कासव आणि भिंतीवरचा मारुती न बघताच लोक आत पळतात, तसं करू नका.

समुद्र खवळलेला असेल तर ट्रिप फुकट गेली असं समजू नका. सुवर्णदुर्गाच्या समोरच किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन आहेत, चालत होतात. फत्तेगडावर आता वस्तीच आहे, त्यामुळे फार शोधत बसू नका. गोवा किल्ल्याची तटबंदी अजून चांगली आहे, वेळ तिथे द्या. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, तेव्हा किनाऱ्यावरचे हे किल्लेपण सोबत गेले. सुवर्णदुर्ग एवढा जवळ दिसतो इथून की त्याला राखायला समोर तीन किल्ले का लागले ते आपोआप कळतं.