पहिल्या पुराचं पाणी तळाशी जातं, फूटव्हॉल्व वर उचला

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, तळीवर थोडा वेळ उभे राहा. व्हाळाचं (ओढ्याचं) तांबडं पाणी तळीच्या तोंडापासून थोडं आत येतं आणि एकाएकी दिसेनासं होतं. तिथेच पोफळीचा पाचोळा, काटक्या आणि फेस यांची आडवी रेघ साचते. पाणी तिथे बुडी मारतं. वरचं निवळ पाणी उलट त्या रेघेकडे सरकत असतं, म्हणून कचरा जागचा हलत नाही.

मे महिन्यात तापलेलं तळीचं पाणी 30 अंशांवर आणि व्हाळाचं 25 वर असेल, तर नवं पाणी 1000 लिटरमागे सुमारे 1.4 किलो जड भरतं. लिटरमागे 1 ग्रॅम गाळ असला की आणखी 600 ग्रॅम. एवढ्यावर ते जुन्या व्हाळाच्या खोलगटातून थेट बांधाच्या पायथ्याशी पोचतं. आपला फूटव्हॉल्व, म्हणजे पंपाच्या ओढनळीच्या टोकाचा व्हॉल्व, नेमका तिथेच असतो!

कोळेरोगासाठी (पोफळीची फळं कुजवणारा पावसाळी रोग) बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाची, दुसरी फवारणी पहिलीनंतर 40 ते 45 दिवसांनी, भर पावसात येते. वरून आरशासारखं दिसणारं पाणी ओढावं आणि पोफळीवर चढलेल्या माणसाच्या हातात नोझल तुंबावं, हे मी स्वतः भोगलंय. रिकाम्या कॅनला बांधून फूटव्हॉल्व पृष्ठभागाखाली दोन हातांवर तरंगता ठेवा. बांधाला तळदार (तळाशी पाणी सोडायचं दार) असेल तर पूर चालू असतानाच उघडा. गाळ वाहता आहे तोवरच निघतो, एकदा बसला की फावड्याचं काम.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, हीच गोष्ट मिठाची, आणि तिथला फरक फार मोठा. समुद्राचं पाणी 1000 लिटरमागे गोड्यापेक्षा 25 किलोंच्या आसपास जड. त्यामुळे मानशीच्या (बांधातल्या भरती-ओहोटीच्या दाराच्या) खालच्या फळीतली बोटभर फट वरच्या मोठ्या भोकापेक्षा वाईट. अमावास्या-पुनवेच्या उधाणाआधी ती चिकणमातीने बुजवा. पोंयीचं (मानशीच्या आतल्या तळ्याचं) पाणी शेतात घेण्याआधी वरचं चाखून फसू नका. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाला टेकल्यावर बूच ओढा आणि ते पाणी चाखा किंवा मीटरने तपासा. कोरगुट भात थोडं खारं सोसेल, ज्योती वाणाचं रोप नाही सोसायचं. खारं लागलं तर ओहोटीला मानस उघडून आधी तळचं पाणी जाऊ द्या.