शिकायला परदेशी जाताना घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर

‘आधी ॲडमिशन तर होऊ दे, मग बघू’ असं म्हणणारे बहुतेक जण पुढे अडकतात. नवरा, बायको किंवा मुलं सोबत येऊ शकतील की नाही, हे बऱ्याचदा तुम्ही कोर्स निवडता तेव्हाच ठरून जातं. म्हणून युनिव्हर्सिटीची यादी करताना प्रत्येक नावापुढे एक रकाना जास्तीचा ठेवा: कुटुंब चालतं का?

ब्रिटनच्या बाबतीत हा रकाना चटकन भरता येतो. १ जानेवारी २०२४ पासून तिथे वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एमएससी किंवा एमबीएसाठी जाणाऱ्याला कुटुंब नेता येत नाही. पीएचडी किंवा संशोधनावर आधारित पदव्युत्तर पदवी असेल तर नेता येतं. सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना काही सवलत आहे. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठेही नोकरी करायची मुभा, आक्रसलं. विद्यार्थ्याचं मास्टर्स किमान १६ महिन्यांचं हवं, किंवा पीएचडी, किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्या. अमेरिकेत कोर्सची अशी अट नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाचा जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं एफ-२ या कुटुंबाच्या व्हिसावर जातात. पण एफ-२ वर नोकरी अजिबात करता येत नाही. मुंबईतली चांगली चालू नोकरी सोडून तिकडे दोन वर्षं घरी बसायचं आहे का, हे जोडीदाराशी स्पष्ट बोलून घ्या. हे बोलणं टाळलेली जोडपी मी पाहिली आहेत. पहिल्या हिवाळ्यातच ते बाहेर येतं.

आई-बाबांचं काय? या कुठल्याच देशात ते विद्यार्थ्याचे ‘डिपेंडंट’, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून येणारे कुटुंबीय, धरले जात नाहीत. नातवाला सांभाळायला आजी येईल या भरवशावर आखणी करू नका. ती येईल, पण व्हिजिटर व्हिसावर आणि काही महिन्यांपुरती.

आता कागद. खरा घोळ इथेच असतो आणि तो व्हिसाचा अर्ज भरायच्या कितीतरी आधी निस्तरावा लागतो. लग्नाचा अल्बम कितीही जाड असला तरी विवाह नोंदणीचा दाखला हवाच. मुंबईत तो महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मिळतो. दादर पश्चिमेचं वॉर्ड ऑफिस जी-उत्तर. नवरा-बायको दोघं, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, असा सगळा लवाजमा लागतो. माझी बहीण लग्नानंतर सहा वर्षांनी नोंदणीला गेली, तेव्हा गुरुजी मुंबई सोडून गावी गेलेले. त्यांना शोधण्यातच तिचा एक महिना गेला. लग्न गावाकडे झालं असेल आणि ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल, तर भाषांतर करून घ्या. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क असायला हवा.

दुसरा घोळ नावांचा, आणि तो खास आपला. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही. मग पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, आणि पॅनवर मधलं नावच नाही. व्हिसाचा अर्ज तपासणाऱ्याला ही रीत कुठून माहीत असणार? त्याला तीन वेगळ्या बायका दिसतात. पासपोर्टवरचं नाव पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद जोडा. त्यासाठी पूर्वी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात खेटे घालावे लागत, आता अर्ज ऑनलाइन होतो. मुलाचा जन्मदाखलाही एकदा काढून बघा. कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा अजून कोरीच असते.

पैशांचा हिशेब माणशी करायचा. ब्रिटनला प्रत्येक डिपेंडंटमागे लंडनमध्ये महिना ८४५ पौंड, लंडनबाहेर ६८०, आणि तेही नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात. म्हणजे लंडनला माणशी ७,६०५ पौंड. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार वेगळा, माणशी वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. अमेरिकेत प्रत्येकाचा स्वतंत्र आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) युनिव्हर्सिटीकडून मागवावा लागतो आणि त्यासाठी वाढीव रक्कम दाखवावी लागते. सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेची ३५० डॉलर फी मात्र एकट्या विद्यार्थ्याला. फी आणि रकमा बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या-त्या सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नव्हे.

ऑस्ट्रेलियाचं एक पथ्य लक्षात ठेवा. कुटुंब आत्ता जाणार नसलं तरी तुमच्या पहिल्याच अर्जात सगळ्यांची नावं लिहा. ती लपली तर पुढे त्यांना बोलावणं अवघड होतं.

सगळ्यांनी एकाच विमानाने जावं का? माझं मत, नाही. विद्यार्थ्याने आधी जावं आणि एक सेमिस्टर काढावं. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलच्या खोल्या बहुतेक एकट्यासाठीच असतात आणि कुटुंबासाठीचे फ्लॅट मोजके, त्यामुळे त्यांचा अर्ज प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी टाका. ब्रिटनला जायचं असेल तर मुलाला पुढे नेऊन दुसऱ्या पालकाने मुंबईतच राहायचं, हे सहसा चालत नाही. दोन्ही पालक तिथे असावे किंवा जाणारे असावे लागतात.

निघताना मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. तिथल्या शाळेत बहुधा तेच आधी मागतात, आणि सामानात टाकलेली बॅग नेमकी त्याच दिवशी उशिरा येते.