बेळगाव ते खानापूर चार मिनिटांत: आरपीजीचं जग किती खरं ठेवायचं

बेळगाव-खानापूर अंतर साधारण २६ किलोमीटर. आरपीजीमधलं, म्हणजे खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन जगात फिरतो त्या गेममधलं, पात्र सेकंदाला ५ मीटर धावतं असं धरा. खऱ्या मापाच्या नकाशावर त्याला ५,२०० सेकंद लागतील, म्हणजे खेळाडू ८७ मिनिटं नुसता बटण दाबून बसणार. शिवाय नकाशाच्या मध्यापासून इतक्या लांब, गेम ज्यांत जागा मोजतो त्या ३२-बिट दशांश आकड्यांची अचूकता २ मिलिमीटरवर येते आणि पात्राची बोटं, हत्यारं थरथरायला लागतात. म्हणून आधी प्रमाण ठरवा, मगच जमीन रचायला घ्या.

१:२० घेतलंत तर रस्ता १,३०० मीटरचा होतो आणि ४ मिनिटं २० सेकंदांत संपतो. आता घड्याळही २० पट पळवा. गेमचा दिवस ७२ मिनिटांचा होतो आणि प्रवासाला गेमच्या वेळेत पुन्हा दीडएक तासच लागतो. अंतर आणि घड्याळ ही जोडी फोडू नका. फोडलीत तर भर बाराला बेळगाव सोडलेला माणूस बारा वाजून चार मिनिटांनी खानापुरात उभा दिसेल.

उंचीला हे प्रमाण लावायचं नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरांचा. १:२० केला तर २.६ मीटर उरतो, नुसत्या दाराएवढा. उंची पूर्ण ठेवा, फार तर निम्मी करा, आणि पायथ्याचा पसारा आवळा. त्यानं उतार खडा होतो. युनिटी आणि गोडो या दोन्ही इंजिनांत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरांत) पात्राच्या चढाची मूळ मर्यादा ४५ अंश असते, त्याहून खड्या जागी पात्र घसरतं किंवा अडतं. तिथं नागमोडी पायवाट काढा.

घरं उलट मोठी करावी लागतात, कारण कॅमेरा पात्राच्या मागे अडीच-तीन मीटरांवर असतो. खरं दार ९० सेंटिमीटरचं असेल तर गेममध्ये १.४ मीटर रुंद ठेवा आणि खोल्या दीडपट. नाहीतर कॅमेरा भिंतीत घुसतो. वाड्याची ओळख मापातून नको, उंबरा, कोनाडा, तुळशी वृंदावन यांतून द्या.

सगळ्यात अवघड हवामान. जांबोटी-कणकुंबीकडे धो धो पाऊस आणि दाट रान, सौंदत्तीकडे ज्वारीचं कोरडं शिवार. आवळलेल्या नकाशावर ही दोन्ही एकाच नजरेत आली की सगळं खोटं वाटतं. मधे डोंगर घाला आणि रस्ता खिंडीतून वळवून न्या. माती, झाडं, आवाज खिंडीतच बदला. डोंगराआडचं काही रेखाटावं लागत नाही, हा वरचा फायदा.

खडेबाजारातली गर्दी हजारोंनी दाखवू नका. स्वतःचा दिनक्रम असलेली २०-२५ माणसं पुरतात. बाकीची ठरल्या वाटेनं चालणारी, ४० मीटरांपलीकडे नाहीशी होणारी. उरलेली गर्दी आवाजातून उभी करा. उघडणाऱ्या दुकानात दिवा ठेवा, न उघडणाऱ्याला कुलूप.

पीक मात्र सरळ खोटं करा. चार महिन्यांची ज्वारी म्हणजे १२० दिवस गुणिले ७२ मिनिटं, १४४ तास! गेमच्या तीन दिवसांत कणसं येऊ द्या.

पाट्या मराठी आणि कन्नड दोन्ही हव्यात. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनात जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. दुकानांच्या पाट्या चित्र म्हणून बनवा. संवाद मराठीत असतील तर गोडो ४ घ्या, त्यात दोन्ही लिप्या नीट जुळतात. हे इंजिन निवडतानाच तपासा, अर्धा गेम झाल्यावर बदलता येत नाही.